निकामी किडनीकडे पाहताना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते किडनीचे डॉक्टर होते आणि मी रेडिऑलॉजिस्ट आहे. आमच्या दोन शाखांमधलं बोलणं बहुतेक वेळा एका चिठ्ठीवर भागतं. वरच्या मजल्यावरून 'सोनोग्राफी, पोट' असं लिहून येतं, खालच्या मजल्यावरून 'दोन्ही किडन्या आकसलेल्या' असं लिहून जातं. सर चिठ्ठी पाठवून थांबत नसत. स्वतः जिना उतरून येत, स्क्रीनसमोर उभे राहत आणि विचारत, "आकसलेल्या आहेत, ठीक आहे. पण आत काय चाललंय?"

आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या स्वतःच्या, काम थांबलेल्या किडनीत कॅन्सर होऊ शकतो. तो कोणात शोधायचा आणि कशाने शोधायचा? समोर डॉक्टर बसले आहेत, तसेच डायलिसिसवर असलेले आणि त्यांची ने-आण करणारे घरचे लोकही बसले आहेत. म्हणून शक्य तिथे मी साध्या भाषेत बोलेन.

डायलिसिस सुरू झाला की सगळ्यांचं लक्ष मशीनकडे जातं, आणि ते साहजिक आहे. वजन किती वाढलं, पोटॅशियम किती, हिमोग्लोबिन किती, हातावरचा रक्तवाहिन्यांचा जोड, म्हणजे फिस्टुला, नीट चालतोय ना, यातच आठवडा संपतो. ज्या किडन्यांमुळे हे सगळं सुरू झालं त्यांचं नाव पुढे कुणी काढत नाही. "किडन्या गेल्या" असं आपण म्हणतो. पण त्या गेलेल्या नसतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, होत्या तिथेच असतात. त्यांना रक्त मिळत असतं, त्यांच्यातल्या पेशी जिवंत असतात. आणि जिवंत पेशी वाढूही शकतात.

हे लक्षात यायला वेळ लागला, कारण आधी माणसं डायलिसिसवर पुरेशी वर्षं जगायला हवी होती. नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या देशात, फिरत्या ड्रमची कृत्रिम किडनी चालवली. तिच्यामुळे वाचलेला पहिला रुग्ण १९४५ मधला. पण ती सोय काही दिवसांची वेळ निभावून नेण्यापुरती होती. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा शंट बसवला, त्यामुळे एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मशीनवर घेता येऊ लागलं. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगले. दीर्घकाळ डायलिसिसवर जगणारी माणसं जगात पहिल्यांदाच दिसू लागली ती इथून.

मग १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या डनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध छापला. दीर्घकाळ हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनच्या डायलिसिसवर, राहून मृत्यू पावलेल्या ३० जणांच्या किडन्या त्यांनी शवविच्छेदनात तपासल्या. त्यांपैकी १४ जणांच्या किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, भरलेल्या होत्या. मूळ आजार सिस्टचा नसतानाही त्या झाल्या होत्या, आणि काहींत त्यांच्या जोडीला भरीव गाठीही होत्या. या विकाराला आज आपण 'ॲक्वायर्ड सिस्टिक किडनी डिसीज' म्हणतो. डनिल यांना तो हिमोडायलिसिसचा धोका वाटला होता. पुढे कळलं की पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांनाही तो होतो आणि काहींत तर डायलिसिसच्या आधीच सुरुवात झालेली असते. कारण मशीनमध्ये नाही. किडनीचे बहुतेक गाळणी-घटक नष्ट झाले की उरलेल्यांवर सगळा भार येतो. त्यांच्या नलिकांच्या पेशी फुगतात, संख्येने वाढतात, नलिका रुंदावतात आणि त्यांच्या पिशव्या होतात. पेशींना सतत 'वाढा' असा निरोप मिळत राहिला की कधीतरी एखादी पेशी थांबायचं विसरते.

प्रमाण सांगते. डायलिसिसच्या पहिल्या तीन वर्षांत दहा ते वीस टक्के रुग्णांत अशा सिस्ट दिसतात, पाच वर्षांच्या सुमारास निम्म्यांत, आणि दहा वर्षं झाली की नव्वद टक्क्यांच्या वर. सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे, हे घरच्यांनी नीट ऐकावं. सिस्ट असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. पण १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८ लाखांहून जास्त डायलिसिस रुग्णांचा अभ्यास आला. त्यात किडनीच्या कॅन्सरचं प्रमाण इतर लोकांच्या सुमारे साडेतीन पट निघालं.

या विषयाचं सर्वांत चिकाटीचं काम जपानमध्ये झालं. तिथे मरणोत्तर अवयवदान फार कमी, त्यामुळे प्रत्यारोपणही कमी, आणि डायलिसिसवर पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं पुष्कळ. कानाझावाच्या इसाओ इशिकावा यांनी त्याच त्या रुग्णांचे सीटी स्कॅन वीस वर्षं करत राहून किडन्यांचं आकारमान मोजलं. आकसलेल्या किडन्या काही वर्षांनी पुन्हा मोठ्या होऊ लागतात, पुरुषांत जास्त होतात, आणि प्रत्यारोपण यशस्वी झालं की सिस्ट मागे हटतात, हे त्यांच्या मोजमापांतून स्पष्ट झालं. देशभरच्या डायलिसिस केंद्रांना प्रश्नावली पाठवून किडनीच्या कॅन्सरची नोंद ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. असं काम करणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता या आजाराची खरी अडचण सांगते. किडनीच्या कॅन्सरची माहितीपत्रकं पाहा. पहिलं लक्षण असतं लघवीतून रक्त जाणं. ज्याला दिवसभरात लघवीच होत नाही, त्याला ते दिसणार कुठून? दुसरं लक्षण कंबरेच्या बाजूला दुखणं. डायलिसिसच्या खुर्चीत आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास बसणाऱ्याची कंबर दुखतेच. तिसरं, वजन उतरणं. इथे वजन दर फेरीला पाण्याने चढतं आणि उतरतं, त्याखाली अंगचं मांस झडतंय हे महिनोन्‌महिने कळत नाही. एक खूण मात्र उलटी येते आणि ती पाहायची सवय हवी. डायलिसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन इंजेक्शनांच्या आधाराने कसंबसं टिकतं. ते इंजेक्शनं कमी करूनही आपोआप वर जाऊ लागलं तर सगळे खूश होतात. पण सिस्टने भरलेली किडनी कधी कधी स्वतःच रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बनवू लागते, गाठही बनवू शकते. तेव्हा आनंद जरूर मानावा आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफीही करावी.

म्हणजे शरीर फारसं सांगत नाही, आपल्यालाच पाहावं लागतं. ते कशाने पाहायचं?

पहिली सोनोग्राफी. इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या गावीही होते. पण या किडन्यांची सोनोग्राफी वाटते तितकी सोपी नाही. प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. रुग्ण टेबलावर येतो, डाव्या हातावर फिस्टुला फुगलेला, म्हणून तो त्या हातावर भार द्यायला घाबरतो. त्याला कुशीवर वळवायचं, श्वास भरून रोखायला सांगायचं. त्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त श्वास धरवत नाही, कारण अंगात पाणी आहे. निरोगी किडनी दहा-अकरा सेंटिमीटरची, कडेला राखाडी, मध्ये पांढरी, लगेच ओळखू येते. ही सहा-सात सेंटिमीटरची आणि सगळीच पांढरी. भोवतालची चरबीही पांढरी. त्या पांढऱ्यात काळे ठिपके दिसतात, त्या सिस्ट. स्वच्छ काळी, पातळ भिंतीची, मागे उजेड सोडणारी सिस्ट असेल तर प्रश्न नाही. पण यांतल्या बऱ्याच सिस्टमध्ये रक्तस्राव झालेला असतो, डायलिसिसला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं, भिंतीत कॅल्शियम साचलेलं असतं. जुनं रक्त भरलेली सिस्ट आणि दीड सेंटिमीटरची खरी गाठ सोनोग्राफीवर अगदी सारखी दिसू शकतात. इथे मशीनच्या किमतीपेक्षा तपासणाऱ्याचा वेळ मोलाचा. रांगेत तीस माणसं असताना तीन मिनिटांत ही किडनी बघून होत नाही.

म्हणून माझ्या मते सोनोग्राफीची सर्वांत मोठी ताकद तुलनेत आहे. एक सेंटिमीटरची संशयास्पद जागा आज काहीच सांगत नाही. वर्षापूर्वी तीच जागा एक सेंटिमीटरचीच होती की तिथे काहीच नव्हतं, यावर सगळं ठरतं. रुग्ण येतो तेव्हा त्याच्या हातातल्या पिशवीत घडी घालून कोंबलेल्या फिल्म असतात, वरच्या चार-पाच ताज्या, खाली पाच वर्षांपूर्वीच्या. मला खालच्या लागतात. घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे की जुन्या फिल्म आणि रिपोर्ट टाकून देऊ नका.

दुसरा सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. त्यांच्याच नावाच्या एककात आम्ही आजही घनता मोजतो. पाणी शून्य, हवा उणे १०००. गाठ ओळखण्याची युक्ती अशी की आधी कॉन्ट्रास्टशिवाय मोजायचं, मग शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दाखवणारं औषध, देऊन पुन्हा मोजायचं. घनता २० एककांहून जास्त वाढली तर आत रक्तवाहिन्या आहेत, म्हणजे ती भरीव, जिवंत गाठ. वाढलीच नाही तर ते साचलेलं जुनं रक्त. कॉन्ट्रास्ट देण्याआधीच सिस्ट एकसारखी आणि ७० एककांच्या वर असेल तर ती रक्ताची साधी सिस्ट, हेही आता पक्कं झालं आहे.

या रुग्णांत मात्र हेही अवघड होतं. त्यांच्यात होणाऱ्या गाठी पुष्कळदा पॅपिलरी जातीच्या असतात, आणि या गाठींत रक्तवाहिन्या कमी. घनता जेमतेम पंधरा-वीसने वाढते, म्हणजे नेमकी संशयाच्या पट्ट्यात येते. उलट लहान सिस्टची घनता यंत्राच्या गणितातल्या दोषामुळे खोटीच वाढल्यासारखी दिसू शकते. ड्युअल-एनर्जी सीटीमध्ये आयोडीन वेगळं काढून दाखवता येतं, त्याने हा गोंधळ बराच कमी होतो.

याच किडन्यांत एक गाठ अशी सापडते जी इतरत्र सापडत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधले सतीश टिकू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली चाळणीसारखी रचना आणि मधे ऑक्झलेटचे स्फटिक. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली. सिस्टच्या आत वाढत असल्याने ती फार वेळ सिस्टच वाटते. त्यामुळे 'सिस्टच आहे' असं घाईने लिहिणाऱ्याचा हात मला धरावासा वाटतो. सिस्टच्या वर्गवारीसाठी मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये दिलेली पद्धत आम्ही सगळे वापरतो, तिची २०१९ मध्ये सुधारणाही झाली. पण एका किडनीत दहा-वीस सिस्ट, त्यांत निम्म्या रक्ताने भरलेल्या, अशा ठिकाणी तिला मार्गदर्शक मानावं, न्यायाधीश मानू नये.

आता एक भीती दूर करायची आहे, कारण तिच्यापायी रुग्णांचं नुकसान होतं. "किडनी खराब आहे, कॉन्ट्रास्ट देता येणार नाही" हे वाक्य इतकं रुजलं आहे की डायलिसिसवरच्या, लघवी पूर्ण बंद असलेल्या माणसालाही साधा सीटी करून परत पाठवतात. साध्या सीटीत गाठ आणि रक्ताची सिस्ट यांत फरक करता येईलच असं नाही. कॉन्ट्रास्टची भीती असते ती किडनीला इजा होण्याची. जी किडनी पूर्ण थांबली आहे तिला आणखी काय इजा होणार? ॲलर्जीचा इतिहास विचारावा, हृदय अशक्त असेल तर अंगातलं पाणी पाहावं, आणि कॉन्ट्रास्ट द्यावं. त्यानंतर घाईघाईने जादा डायलिसिस करायचीही गरज नसते, ठरलेली फेरी पुरते. वेगळा विचार करायचा तो ज्यांना अजून रोज चांगली लघवी होते त्यांचा, विशेषतः पोटाच्या डायलिसिसवरच्यांचा. त्यांची उरलेली लघवी ही मोठी ठेव आहे. आणि तंत्रज्ञांना सांगते, सुई फिस्टुला नसलेल्या हातात.

तिसरा एमआरआय. त्याची गोष्ट थोडी दुःखाची आहे. आयोडीनला पर्याय म्हणून किडनीच्या रुग्णांना गॅडोलिनियमचं इंजेक्शन सुरक्षित समजून सर्रास देत असत. १९९७ पासून अमेरिकेत काही डायलिसिस रुग्णांची कातडी लाकडासारखी घट्ट होऊ लागली, गुडघे-कोपर वाकेनासे झाले, माणसं चाकाच्या खुर्चीवर आली. २००० मध्ये या नव्या आजाराचं वर्णन छापून आलं, पण कारण कळेना. २००६ मध्ये ऑस्ट्रियाच्या थॉमस ग्रोबनर यांनी बोट ठेवलं की या रुग्णांचा आधी गॅडोलिनियम देऊन एमआरआय झाला होता. पाठोपाठ डेन्मार्कहूनही तेच आलं. निरोगी माणसाच्या रक्तातून ते दीड-दोन तासांत निम्मं होतं, निकामी किडनीत त्याला तीस तासांहून जास्त लागतात. तेवढ्यात सैल बांधणीच्या रेणूतून धातू सुटतो आणि ऊतींत बसतो. औषधं बदलली, नियम कडक झाले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. पक्क्या बांधणीच्या नव्या औषधांनी धोका अगदी कमी आहे असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी आणि किडनी, दोन्ही संघटनांनी एकत्रितपणे सांगितलं. तरी मी एमआरआय ठेवते तो सीटीने प्रश्न न सुटलेल्यांसाठी, आणि ठरलेल्या डायलिसिसच्या थोडं आधी. इंजेक्शनशिवायच्या डिफ्यूजन चित्रांतूनही कधी कधी पुरेसं कळतं.

चौथी पद्धत मला या रुग्णांसाठी सर्वांत आशादायक वाटते, ती म्हणजे सूक्ष्म बुडबुड्यांची सोनोग्राफी. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, तांबड्या पेशीहूनही लहान बुडबुडे शिरेतून देतात. ते रक्तवाहिनीच्या बाहेर जात नाहीत आणि काही मिनिटांत श्वासावाटे निघून जातात. किडनीचा यात काही संबंधच नाही. रक्ताच्या सिस्टमध्ये एकही बुडबुडा शिरत नाही, ती काळीच राहते. गाठीत एक-दोन बुडबुडे जरी वाहताना दिसले तरी कळतं. सीटीवर पंधरा एककांनी अडवून ठेवलेल्या कितीतरी शंका इथे सुटतात. मर्यादा आहेतच. एका वेळी एकच जागा पाहता येते, खोल किडनी नीट दिसत नाही, आणि आपल्याकडे हे अजून मोठ्या शहरांपुरतं आहे.

पेट स्कॅनबद्दल थोडक्यात. एरवी त्यासाठी टोचलेली किरणोत्सर्गी साखर लघवीतून जाते आणि किडनीतली गाठ झाकून टाकते. लघवी नसलेल्यांत हा अडथळा राहत नाही, म्हणून या रुग्णांत पेट काही वेळा अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. तो कॅन्सरचा प्रसार पाहण्यासाठी वापरावा, शोधमोहिमेसाठी नाही.

मग प्रत्येकाची दर वर्षी तपासणी करायची का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते जड अंतःकरणाने देते. १९९५ मध्ये यावर गणिती विश्लेषण झालं होतं. ज्यांच्यापुढे आयुष्याची बरीच वर्षं आहेत अशा तरुण, धडधाकट रुग्णांना तपासणीचा फायदा दिसला, इतरांना जवळपास नाही. किडनीतली दोन सेंटिमीटरची गाठ बहुधा सावकाश वाढते. पंचाहत्तर वर्षांचे, मधुमेह आणि दोन झटके झालेले आजोबा त्या गाठीने जाण्याची शक्यता कमी. त्यांना ती सापडल्यावर मिळणारी काळजी मात्र नक्की. त्यांच्या लेकाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडंही खरं. पण अठ्ठावीस वर्षांची, प्रत्यारोपणाच्या यादीत असलेली मुलगी असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. तिला पुढे रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची आहेत, आणि लपलेल्या कॅन्सरला ती अनुकूल असतात. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्यारोपणासाठी उभ्या असलेल्यांपैकी तीन वर्षांहून जास्त डायलिसिस झालेल्यांची, सिस्ट असलेल्यांची आणि घरात किडनीचा कॅन्सर झालेल्यांची सोनोग्राफी सुचवली आहे. त्या शिफारशीचा पुरावा कमकुवत आहे असं तीच तत्त्वं सांगतात. तरीही मी तिच्या बाजूने आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ता कुठे उभा राहतो आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत पैसे संपले की डायलिसिस संपायचा, सिस्ट व्हायला तितकी वर्षंच मिळत नसत. महात्मा फुले आरोग्य योजनेत डायलिसिस आला, २०१६ च्या अर्थसंकल्पात डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत खुर्च्या लागल्या. सात-आठ वर्षं डायलिसिसवर असलेली माणसं आता माझ्या टेबलावर नेहमी येतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

प्रत्यारोपण झालेल्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. नवी किडनी ओटीपोटात उजवीकडे किंवा डावीकडे बसवतात, जुन्या बहुधा काढत नाहीत. चिठ्ठीवर 'ग्राफ्टची सोनोग्राफी' असं येतं. प्रोब ओटीपोटावर फिरतो, रक्तपुरवठा उत्तम, रुग्ण खूश होऊन घरी जातो. वरच्या दोन जुन्या किडन्या वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. त्या पाहायला पाचेक मिनिटं लागतात. माझ्या विभागात आता चिठ्ठीवर लिहिलं नसलं तरी रुग्णाला कुशीवर वळवून दोन्ही पाहायच्या, असा आमचा नियम आहे.

आणि डायलिसिस केंद्रांकडे माझी एक मागणी आहे. खर्च काहीच नाही. प्रत्येक रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर, ड्राय वेटच्या, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरच्या वजनाच्या, खाली एक ओळ छापा: 'मूळ किडन्या, शेवटची सोनोग्राफी, तारीख, दोन्हींची लांबी, सिस्ट किंवा गाठ.' डायलिसिस सुरू होताना ती पहिल्यांदा भरा. तीन वर्षं झाली की डॉक्टरांनी रुग्णाशी बसून पुढे पाहायचं की नाही ते ठरवावं, आणि ठरलेलं तिथेच लिहावं. पाहायचं नाही असं ठरलं तर 'नाही' असंही लिहावं, खाली सही करावी. आणि गाठीची शंका आली तर चिठ्ठीवर लघवी किती होते ते लिहून पाठवा. कॉन्ट्रास्ट द्यायचं की नाही याचा निर्णय मला त्याच क्षणी घेता येईल.